दारातला डावा पाय

मी पोस्टमनच्या पँटचा डावा पाय बोलतोय. दचकू नका. पोस्टमन जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची पँटही पँट म्हणून उरली नाही. पण तिचे दोन्ही पाय अजून या घरात आहेत. त्यातला डावा मी. पोटात वाळू भरून, दोन्ही तोंडं शिवून मला दाराच्या फटीशी आडवं टाकलंय. हिवाळ्यात बाहेरचा वारा घरात शिरू नये, हे माझं काम.

उजवा पायही आहे. त्याचं नाव मी एवढ्यात घेणार नाही. घेतलं की माझं डोकं फिरतं.

आमचं वाकडं आहे ते अगदी पहिल्या दिवसापासून. टपाल खात्याने दिलेली जाड लोकरीची पँट, कडक इस्त्रीची, राखाडी. दोघंही एकाच ताग्याचे, एकाच शिंप्याच्या हातचे. पण पोस्टमन सायकलवर बसायचे ते उजव्या पायाने टांग मारून. म्हणजे तो हवेत झोकात गिरकी घेणार आणि मी खाली चिखलात सगळा भार तोलत उभा. उजव्या खिशात लिमलेटच्या गोळ्या, वाटेतल्या पोरांसाठी. पोरं धावत यायची ती त्याच्याकडे. माझ्या खिशात काय? नाक पुसलेला रुमाल! आता तुम्हीच सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

पोस्टमन एका शरद ऋतूत अचानक गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारी संपलंच सगळं. घरात त्यांची बायको, शाळेत जाणारा थोरला आणि जेमतेम चालायला लागलेला धाकटा. ती लोकांचं शिवणकाम करायची. तिने चार दिवस पँट खुंटीवर तशीच राहू दिली. पाचव्या दिवशी थंडीचा पहिला वारा दाराखालून सुसाट आत आला, तेव्हा तिने डोळे पुसले, मोठी कात्री घेतली आणि आम्हाला कमरेखालून कापलं. रडत रडत कापलं, पण कापलं सरळ. शिवणारीचा हात तो.

धाकट्याची छाती नाजूक होती. जरा गारठा लागला की पोर शिट्टी वाजल्यासारखा श्वास घ्यायचं. म्हणून उजव्या पायात तिने लोकरीच्या चिंध्या भरल्या, मऊ मऊ, आणि त्याला आतल्या खोलीत धाकट्याच्या खिडकीशी ठेवलं. मुख्य दाराशी वारा जोराचा, तिथे चिंध्या टिकल्या नसत्या. म्हणून माझ्यात वाळू. झालं, वाटणी झाली. त्याला खिडकी, मला दार. त्याला बाळाचं उबदार अंथरूण, मला येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण धाकटा बोलायला लागला आणि त्याला त्या चिंध्यांच्या गोळ्याचा भारी लळा लागला. "आई, याला डोळे कर ना!" आईने पँटच्या कमरपट्ट्याची दोन काळी बटणं जपून ठेवली होती, ती लावली. दोन्हीही त्यालाच! अहो, त्यातलं एक डाव्या बाजूचं होतं. माझ्या हक्काचं. तेव्हापासून तो 'बटण्या' झाला. घेतलं शेवटी नाव. बटण्या, बटण्या, बटण्या! घरभर त्याचाच जप. आणि मला काय म्हणायचे? "ते दारातलं जरा सरकव रे." 'ते दारातलं'. एवढंच माझं नाव.

हे सगळं बघणारा, आणि माझ्याएवढंच मनातल्या मनात जळणारा या घरात आणखी एक जण होता. थोरला.

थोरला मोठा झाला, बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून लागला. लग्न झालं. धाकटा शिकून दुसऱ्या शहरात गेला, एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या टेबलाशी उभा राहायला लागला. घर मात्र प्रत्येक हिवाळ्यासाठी थोरल्यानेच तयार केलं. पानं गळायला लागली की एका सुट्टीच्या दिवशी तो पहाटेपासून हात धुऊन कामाच्या मागे लागतो. आधी छपरावर चढून धुराड्यात लांब काठीचा ब्रश घालायचा, काजळीने तोंड काळं करून उतरायचं. मग खिडक्यांच्या काचांभोवती फटी बुजवणारी लांबी नव्याने भरायची, ती अंगठ्याने दाबत दाबत. नळाच्या उघड्या पाइपांना गोणपाट गुंडाळायचं, नाहीतर आतलं पाणी गोठून पाइप फुटतो. लाकडं फोडून भिंतीला रचायची. सूनबाई पेटीतून लोकरीचे कपडे काढून दोरीवर टाकते, डांबरगोळ्यांचा वास अंगणभर सुटतो. आणि आई खुर्चीवर बसून हुकूम सोडते.

"अरे, ती लांबी नीट लाव. मागच्या वर्षी कोपरा राहिला होता."

"राहिला नव्हता आई, पडला होता."

"पडला म्हणजे नीट लागला नव्हता. हाताला काय झालंय तुझ्या? बापाचा हात बघायला हवा होतास!"

थोरला दात ओठ खात काम करायचा. मग आमची पाळी. बटण्या उन्हाळाभर लोकरीच्या पेटीत, शालींच्या मध्ये झोपलेला. मी लाकडांच्या खोपटात खिळ्याला टांगलेला, कोळ्यांच्या संगतीत. आई स्वतः उठायची, पेटीतून त्याला दोन्ही हातांनी बाहेर काढायची, बटणं पदराने पुसायची आणि धाकट्याच्या रिकाम्या खोलीत खिडकीशी नेऊन ठेवायची. खोलीत कुणी राहत नव्हतं तरी! मला थोरला आणायचा, पायरीवर दोनदा आपटायचा, धुरळा उडवायचा आणि दारात टाकायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वारा अडवतो कोण? बर्फाळ चिखल अंगावर घेतो कोण? आणि पदराने पुसलं जातं कुणाला?

तर यंदाची गोष्ट. धाकट्याचं हॉटेल बंद पडलं. त्याने फोन केला, हिवाळाभर घरी येतो म्हणाला. झालं! आईच्या अंगात एकदम बळ आलं.

"धुराडं नंतर कर," ती थोरल्याला म्हणाली. "आधी त्याची खोली. खिडकीला नवी लांबी लाव, पलंगाचा पाय हलतोय तो ठोक. त्याची छाती नाजूक आहे."

"आई, तो आता बत्तीस वर्षांचा घोडा झालाय," थोरला म्हणाला. "आणि पहिली थंडी या आठवड्यात पडणार. स्वयंपाकघरात धूर कोंडला तर काय करायचं?"

"एका दिवसाने काही होत नाही."

सूनबाई कपडे झटकता झटकता हळूच म्हणाली, "करा हो, करा. लाडोबा येतायत. गालिचाही अंथरा." थोरला हसला नाही. त्याने खोली केली, पलंग ठोकला, लांबी भरली. इतकी सुबक भरली की मला दारातून दिसत नसूनही कळलं, कारण आई त्या दिवशी एकही चूक काढू शकली नाही. पण शाबासही म्हणाली नाही. काचेतून बाहेर बघत म्हणाली, "आज निघाला असेल नाही तो?"

धाकटा आला. अंगात चांगला कोट, हातात बॅग, आणि बॅगेत आईसाठी भेट. काय असावी? दाराखाली बसवायची फोमची पट्टी! दाराखालून आरपार जाते, दोन्ही बाजूंना दोन नळकांडी, दार उघडलं की आपोआप सरकते. तीही काळीभोर, नवीकोरी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला बुटाच्या टोकाने बाजूला केलं.

"आई, आता हे वाळूचं ओझं कशाला? रोज वाकून सरकवायचं. ही बघ, काडीचाही त्रास नाही."

"किती छान आहे रे!" आई म्हणाली. "किती आठवण ठेवतोस! दमला असशील, बैस हं. तुला काय हवं ते सांग."

मी सगळं मुकाट ऐकत होतो. बटण्याचा हेवा करता करता माझा जन्म गेला, आणि माझी जागा घेतली कुणी, तर फोमच्या दोन नळकांड्यांनी. पण घाव घातला तो वेगळ्याच हाताने. थोरला लाकडं घेऊन आत आला, त्याने पट्टी बघितली, आईचा चेहरा बघितला. त्याने लाकडं खाली ठेवली आणि मला उचललं.

"मग हे टाकतोच," तो म्हणाला. "नवं आलंय ना. जुन्याचं काय काम?"

आणि पायरीशेजारच्या कचऱ्याच्या पिंपात त्याने मला असं आदळलं की माझी एका टोकाची शिवण उसवली. त्याचा राग माझ्यावर नव्हता, हे मला कळत होतं. पण म्हणून लागलं थोडंच कमी? मला वाटलं, अरे वेड्या, घरात तुझ्यासारखा मीच तर एक होतो!

पिंपात मी दोन दिवस पडलो. दाराची फट तिथून हाताच्या अंतरावर होती, घरातलं सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी पट्टीचं कौतुक. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला, अगदी हाडं कापणारा. आणि मी कान टवकारले. म्हणजे, असते तर टवकारले असते.

या घराचा उंबरठा मधोमध झिजलाय. पोस्टमनच्या आणि त्यांच्या वडलांच्या बुटांनी तो द्रोणासारखा खोलगट केलाय. फोमची पट्टी सरळ. कडेला ती घट्ट बसली, पण मध्ये मूठभर फट राहिली. मी वाळूचा, त्या खोलगटात पसरून बसायचो. हे धाकट्याला कुठून कळणार? नोकरी लागल्यापासून तो घरात राहिलाय कधी? आणि आईचं शिवणयंत्र तर दारासमोरच, उजेडासाठी. तिच्या पायांवरच येत होता सगळा वारा.

"काय हो आई, पाय का चोळताय?" सूनबाईचा आवाज.

"गारठलेत मेले. दारातलं कुठाय?"

मी पिंपात मनातल्या मनात उड्या मारत होतो. विचारा, विचारा! मला विचारा!

"टाकलं मी," थोरला म्हणाला.

"टाकलंस? कुठे?"

"पिंपात."

तेवढ्यात दैव बघा कसं आडवं आलं. समोरच्यांचा कुत्रा हाडकाच्या शोधात पिंपावर चढला आणि पिंप उलटलं. उसवलेल्या टोकाला त्याने दात लावले, मला अंगणभर फरफटवलं आणि कंटाळून सोडून दिलं. एका बाजूने माझी वाळू भळाभळा सांडली. वीतभर तुकडाच त्याने फाडून नेला. म्हटलं, संपलो. आता जाळतील नाहीतर पुरतील.

दार उघडलं. आई स्वतः बाहेर आली. पायांत मोजे, अंगावर शाल, मागून थोरला. मला वाटलं ती थोरल्याला नेहमीसारखी फाडून खाणार. पण ती खाली बसली. त्या गारठ्यात, ओल्या मातीत बसली आणि सांडलेली वाळू दोन्ही हातांनी गोळा करायला लागली.

"अगं आई, काय करतेस? वाळूच ती. डेपोपलीकडे बांधकाम चालूय, पोतंभर आणतो."

"नको मला पोतंभर." तिने मान वर केली नाही. "तुझे बाबा गेले तेव्हा मी म्हटलं होतं, दाराला काहीतरी जड हवं. कुणाला सांगितलं नव्हतं रे, स्वतःशीच म्हटलं होतं. तू ऐकलंस. नदीवर गेलास आणि शर्टात भरून ही वाळू आणलीस. किती खेपा केल्यास कुणास ठाऊक. पोटाला सगळं खरचटलं होतं तुझ्या. मी तेल लावलं तर म्हणालास, दुखत नाही. आठवतंय?"

थोरल्याला आठवत नव्हतं. खरं सांगू का? मलाही आठवत नव्हतं. आपल्या पोटात काय आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

"मला वाटलं तुला मी दिसतच नाही," थोरला शेवटी म्हणाला. "येऊन जाऊन त्याचंच चालतं तुझं. माझी फक्त लांबी पडते."

"दिसायला तू गेला होतास कुठे?" आई एकदम चिडली. "जो गेला त्याची वाट बघावी लागते. तू आहेस म्हणून मी दार लावून निर्धास्त झोपते. हे काय बोलून दाखवायचं असतं होय रे, गाढवा? ऊठ, चाळणी आण. खडे निघाले पाहिजेत."

'गाढवा' ऐकून थोरल्याचा चेहरा असा उजळला, की बघणाऱ्याला वाटावं याला बढती मिळाली. तो चाळणी आणायला पळाला. सूनबाईने खिडकीतून बघितलं आणि पीठ चाळायची चाळणी जाते म्हणून कपाळाला हात लावला.

वाळू चाळून परत भरली, फाटकं टोक शिवलं. पण पुरेना. कापडही वीतभर कमी झालेलं. दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी आता पोचत नव्हतो. आई विचार करत यंत्राशी बसली. मग उठली, आतल्या खोलीत गेली आणि बटण्याला घेऊन आली.

मला हर्षच झाला हो! वाटलं, आता याला उसवणार, याच्या चिंध्या काढून मला भरणार. घे, बटणं मिरव आता! पण आईने त्याचं तोंड उसवलं, माझं उसवलं, आणि दोघांना एकमेकांना जोडून पक्की दुहेरी शिवण मारली. जिथून कापलं होतं, तिथेच. कमरेशी.

जन्माचा वैरी माझ्या कमरेला शिवला! मला काही सुचेना. पण शिवण बसली तसा त्याचा स्पर्श लागला, आणि मी चमकलो. त्याचं कापड कुठे झिजलेलंच नव्हतं. एका अंगाने उन्हाने विटलेलं, दुसऱ्या अंगाने जसंच्या तसं. म्हणजे इतकी वर्षं त्याला कुणी कूसही बदलून दिली नव्हती. आई त्याला पुसायची, ठेवायची, दार ओढून निघून यायची. मग हिवाळाभर तो त्या बंद खोलीत एकटा. ना कुणाचा बूट, ना कुणाची हाक. डांबरगोळ्यांचा वास तेवढा अंगाला चिकटलेला. आणि मी इकडे दारात! दूधवाला, शेजारीण, कपडे शिवायला येणाऱ्या बायका, कुणाकुणाचे पाय लागले नाहीत मला! मला याचा हेवा वाटत होता, ते बरोबर. पण याला कुणाचा वाटत असेल, हे माझ्या वाळूभरल्या पोटात कधी शिरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दोघं भाऊ पायरीवर बसले होते. दार लोटलेलं, आम्ही आत. धाकट्याने स्वतःच ती फोमची पट्टी काढून हातात धरली होती.

"चुकलंच जरा माझं," तो म्हणाला. "उंबरठ्याचं लक्षातच आलं नाही."

"ती खिडकीच्या खाली बसेल. सरळ आहे तिथे. उद्या लावू."

धाकटा हातातली पट्टी फिरवत म्हणाला, "तुझं बरंय रे दादा. तुला ती ओरडते तरी. मला म्हणते, दमला असशील, बैस हं. मला पाहुण्यासारखं वागवते. कालपासून तीनदा विचारलं, चहा आवडला ना? मी काय परका आहे?"

थोरला हसायलाच लागला. इतका हसला की खोकला आला. "अरे मूर्खा, मी तुझ्यावर जळतोय आणि तू माझ्यावर?"

"जळू नको तर काय करू?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून धुराडं साफ केलं. धाकट्याने काठी उलटी घातली, काजळी सगळी घरात आली, सूनबाईची वाळत घातलेली शाल काळी झाली. मग नोकरी शोधायला तो घाईघाईने बाहेर पडला आणि दार उघडंच टाकून गेला. वारा आत. यंत्रावरचं कापड उडालं. आणि आई, त्याला आल्यापासून 'बैस हं' म्हणणारी आई, खुर्चीतून गरजली, "मेल्या! दार कोण लावणार? तुझा सासरा? घरात माणसं राहतात का भुतं? ये मागे आणि ते दारातलं नीट सरकव!"

धाकटा धावत परत आला. कान पकडले, दार लावलं, आणि बाहेर पायरीवर उभा राहून असा खुदखुदत होता की थोरल्याने खिडकीतून विचारलं, "काय रे, लागली का नोकरी?"

"त्याहून मोठं लागलं," तो म्हणाला.

थोरला आत वळला. "आई, आज मला नाही ओरडलीस?" त्याच्या तोंडावर हसू होतं, पण खरं सांगतो, त्यात जरासं दुखणंही होतं. ते मी ओळखतो. ते इतक्या लवकर जात नाही.

माझंही गेलेलं नाही. आता आम्ही दोघं मिळून उंबरठ्याच्या खोलगटात पडून असतो. पँटचे दोन पाय, कमरेशी जोडलेले, पूर्वीसारखे. बिजागरीकडे तो, कडीकडे मी. म्हणजे बूट अजूनही पहिले मलाच लागतात, आणि घरात येणारा प्रत्येक जण अजूनही आधी त्याचेच डोळे बघतो. हसतो, वाकून विचारतो, "अरे, हा बटण्या का?" जोडल्यापासून तर आम्हा दोघांनाच बटण्या म्हणायला लागलेत. नाव त्याचंच, मी आपला त्याचा शेवट.

तरी एक कबूल करतो. वारा फार झाला की तो थरथरतो. त्याला सवय नाही ना! तेव्हा मी वाळू जरा त्याच्या बाजूला सरकवतो. थोरल्याने नदीवरून आणलेली आहे ती, जड आहे, तिच्यामुळे धीर येतो.

वाचणाऱ्या दादांनो, ताईंनो, तुमच्याही घरात थंडीची तयारी चालू असेल. काचा बघाल, धुराडं बघाल, लोकरीचे कपडे पेटीतून काढाल. तेव्हा एकदा दाराशी खाली बघा. तिथे जे पडलेलं असेल त्याला पायाने सरकवलंत तरी हरकत नाही. फक्त सरकवताना त्याला काहीतरी म्हणा. शिवी दिलीत तरी चालेल.

आणि कुणी या घरी आलात तर आईला एवढी आठवण करून द्या. तिच्या शिवणाच्या डब्यात, तळाशी, पोस्टमनच्या कोटाचं एक पितळी बटण आहे. ती दोरा शोधताना ते खुळखुळतं, मी रोज ऐकतो. काळी दोन्ही राहू देत त्याला, मी आता मागत नाही. मला तेवढं पितळेचं हवं. ते त्याच्यापेक्षा चमकतं.